चार हजार मापांचं बिऱ्हाड

टेलरिंगच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. चिंध्या आणि किस्से. दोन्ही कटिंग टेबलाखाली आपोआप साठतात, मुद्दाम कोणी जमवत नाही. महिन्यातून एकदा झाडून काढायला बसलं की हातात एखादा तुकडा येतो आणि वाटतं, अरे, हा राहू दे, पायपिंगला होईल! गेल्या डिसेंबरात आमच्या दुकानातला कॉम्प्युटर बदलला, तेव्हाचे तुकडे असेच माझ्याकडे राहिलेत. सगळं सुखरूप पार पडलंय म्हणून आता हसत सांगते. तेव्हा मात्र हसायची सोय नव्हती.

आधी माणसं सांगते, म्हणजे मध्येच 'ही कोण, तो कोण' नको. दुकान हिंदमाताला, साड्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. फक्त ब्लाउज. मालकीण सुलभावहिनी. त्यांचे मिस्टर म्हणजे दादा, दोन वर्षांपूर्वी "बास झाली मुंबई" म्हणून मालवणजवळ गावी जाऊन राहिले, आता दिवसभर आंब्याच्या कलमांत असतात. कटिंग मास्टर फ्रान्सिस अंकल, भायखळ्याचे, तीस वर्षं हातात तीच कात्री. आणि काउंटरवर मी, रेखा, काळाचौकीची. तोंडाने जरा फटकळ आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत.

आमची खरी इस्टेट म्हणजे मापं. चार हजार बायकांची! एकदा माप दिलं की आमची गिऱ्हाईक बाई पुन्हा टेपसमोर उभी राहत नाही. अर्ध्याजणी आता विरारला नाहीतर बदलापूरला गेल्या, एक तर मस्कतला आहे. कापड कुरियरने येतं, सोबत चिठ्ठीवर फक्त नाव. बाकी सगळं कॉम्प्युटरात. प्रोग्राम दादांनीच लिहिलेला, आणि सिस्टीम मुद्दाम लिनक्स, तिला म्हणे व्हायरस सहसा लागत नाही. कारण त्याआधीच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरून सगळी मापं एका दिवसात साफ झाली होती. सगळ्या बायकांना परत बोलवावं लागलं. अर्ध्या भांडायला आल्या, अर्ध्या आल्याच नाहीत. तेव्हापासून वहिनींचं एकच वाक्य, "परत एकदा मापं गेली ना, तर मी शटर खाली ओढणार आणि गावाक जाणार. माझ्यात ताकद नाय आता."

म्हणजे बघा, वहिनींचं दुकान, अंकलची कात्री, माझा पगार, सगळं त्या एका करड्या डब्यात.

*

तर नोव्हेंबरात तो डबा किंचाळायला लागला. चालू केला की असा आवाज, की एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "चटणी वाटताय का आत?"

फ्रान्सिस अंकल आले, मान तिरकी करून डॉक्टरसारखे ऐकत राहिले. म्हणाले, "तेल मागतोय."

"अंकल, कॉम्प्युटर आहे तो!"

"मशीन म्हणजे मशीन, मॅन! फिरतं ना काहीतरी आत? फिरतं त्याला तेल लागतं."

मी अडवेपर्यंत त्यांनी झाकण काढून पंख्याच्या मध्यभागी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. आणि आयला, डबा गप्प! अगदी गोठ्यातली गाय शांत व्हावी तसा. अंकल तो पूर्ण आठवडा कॉलर ताठ करून फिरत होते. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायचे, कॉम्प्युटरवाला पाचशे घेतो, मी एका थेंबात केलं.

नवव्या दिवशी दुसराच आवाज. कट, कट, कट. अंकलनी परत कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा पंखा नाय. हा आतून बोलतोय," म्हणाले. तरी हात तेलाच्या डबीकडे गेलाच. वहिनींनी डबी उचलली आणि गल्ल्यात टाकून कुलूप लावलं.

*

दादांना फोन लावला. ते झाडावर होते. म्हणजे खरंच झाडावर, मागे पानांचा आवाज येत होता.

"दादा, कॉम्प्युटर कटकट करतोय."

"चलता हा ना?"

"चालतोय, पण आवाज..."

"चलता हा तर कित्याक हात लावतास? थोडी कटकट मी पण करतंय. माका बदललास काय?"

फोन स्पीकरवर होता. वहिनी काजं करता करता मान वर न काढता ओरडल्या, "म्हणूनच गावाक धाडलंय!"

फोन कट. नेटवर्क गेलं की दादा गेले, कळलं नाही.

*

मग वहिनींनी दादरहून एक कॉम्प्युटरवाला बोलावला. चकाचक शर्ट, कानात ते ब्लूटूथ. त्याने डबा चालू केला आणि स्क्रीन बघून चेहरा असा केला, जसा आपण कोणाच्या डब्यात आदल्या दिवशीची भाजी बघून करतो.

"लिनक्स? हे कोण वापरतं? मॅडम, टेन्शन नको. नवीन मशीन देतो, नवीन सिस्टीम टाकतो, मस्त."

"आणि मापं?"

"ती काय, एका शीटमध्ये परत टाकायची. बायकांना फोन करा, विचारून घ्या. दोन दिवसांचं काम!"

वहिनींनी हातातली सुई पिनकुशनला टोचली. म्हणजे आता काहीतरी होणार. "तुझी आई आहे का रे घरी?"

"आहे ना."

"लाव फोन. छाती किती, कंबर किती, दंड किती, विचार."

तो हसायला लागला. "काहीतरीच काय मॅडम! चपलेने मारेल ती मला."

"हां," वहिनी म्हणाल्या. "मला तशा चार हजार आया आहेत."

समोर ठेवलेले पोहे न खाताच गेला बिचारा. ते मी खाल्ले.

*

पण संकट आलं की माणूस पण पाठवतो देव. त्याच आठवड्यात पेडणेकर मॅडम आल्या. परळला एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचं काम करतात, आमचं जुनं गिऱ्हाईक. भावाचं लग्न तोंडावर, हातात पैठणीचा ब्लाउज पीस. डब्याचा कटकट आवाज ऐकला आणि कापड काउंटरवर टाकून थेट आत.

"डिस्क चाललीय वहिनी. ही आज आहे, उद्या नाही."

वहिनी स्टुलावर बसल्याच.

"अहो, घाबरू नका! लिनक्स आहे ना हे? मग सोपं आहे. या डिस्कची हुबेहूब कॉपी नव्या डिस्कवर काढायची, ती नव्या मशीनमध्ये लावायची. ते आतलं सगळं स्वतःच बघून घेतं, पंखा कुठे, प्रिंटर कुठे. आपण बिऱ्हाड हलवतो तसंच. खोली नवी, भांडीकुंडी तीच."

"एक पण माप हलणार नाय?"

"एक पण नाही."

"फी किती?"

"हा ब्लाउज लग्नाआधी द्या. गेल्या वेळी तुम्ही हळदीच्या दिवशी दिला होता!"

ते काम माझ्याकडून राहिलं होतं. मी लगेच प्रिंटरचा कागद नीट लावायला लागले.

"बॅकअप आहे का?" मॅडमनी विचारलं.

"आहे की!" वहिनी अभिमानाने उठल्या. आमच्या दुकानात गणपतीचा छोटा देव्हारा आहे. त्यातून त्यांनी एक पेनड्राइव्ह काढला. दादांनीच गावाला जाताना दिलेला, 'हा जपून ठेव' म्हणून. वहिनींनी इतका जपला, की सरळ देवात ठेवला. दर दसऱ्याला शिलाई मशीनची पूजा झाली की यालाही हळदकुंकू, फूल, अक्षता. तोंडाशी कुंकवाचा नुसता थर जमला होता.

मॅडमनी टूथब्रशने कुंकू साफ केलं. पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला. आम्ही तिघं मागे उभे.

उघडलं. मंडळाच्या विसर्जनाच्या मिरवणुकीचे फोटो. तेवढेच. दादांनी घाईत भलताच पेनड्राइव्ह दिलेला!

वहिनींनी एकेक फोटो बघितला. लेझीम, ट्रक, दादा गुलालात. दोन दसरे आम्ही विसर्जनाची पूजा करत होतो!

*

आता पासवर्डचं. सिस्टीममध्ये काही बदलायचं तर मुख्य पासवर्ड लागतो, तो दादांनाच माहीत. मॅडम म्हणाल्या, "कुलूप तोडता येतं मला. पण मालक धडधाकट असताना कशाला तोडायचं? विचारून घेऊ या."

वहिनी गालात हसत होत्या. "विचारायला कशाला पाहिजे? माझंच नाव असणार. सुलभा टाक."

टाकलं. चूक. 'सुलू' टाकलं. चूक. लग्नाआधीचं नाव टाकलं. चूक. वहिनींचं हसू एकेका चुकीला बोटभर कमी होत गेलं. शेवटी दादांना फोन.

"पासवर्ड? तो काय तोंडाक येणा नाय गो," दादा म्हणाले. "बोटांक येता. हात बरोबर मारता, पण काय मारता ता ठाऊक नाय."

"मोबाइलवर टाइप करून बघा ना!"

"ह्या मोबाइलवर अंगठ्यान मारतंय. अंगठ्याक ठाऊक नाय."

मग काय, दादा कपडे बदलून ग्रामपंचायतीच्या ऑफिसात गेले. तिथल्या ग्रामसेवकाला सगळी स्टोरी सांगितली. त्याने खुर्ची दिली. दादा कीबोर्डसमोर बसले, डोळे मिटले, आणि कोऱ्या पानावर फटाफट पासवर्ड मारला. मग स्क्रीनवर काय उमटलंय ते ग्रामसेवकाने मोठ्याने वाचलं. आमच्याकडे फोन स्पीकरवर, काउंटरला सहा बायका.

"बी, ए, एन, जी, डी, ए," ग्रामसेवक म्हणाला. "बांगडा! पुढे आकडा, दोन."

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या.

"बांगडा!" वहिनी म्हणाल्या. "आणि दोन कित्याक?"

दादांचा आवाज आला, "एकान काय पोट भरता?"

सहाच्या सहा बायका हसायला लागल्या. वहिनी नाही हसल्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं, जसं काय पासवर्ड मी ठेवला होता.

*

आता मुख्य किस्सा. सोमवार, दुकान बंद. आम्ही चौघंच आत. नवीन डबा आलेला, जुन्याच्या अर्धा पण नाही. मॅडमनी जुनी डिस्क काढली, नवी काढली, दोन्ही वायरीने नव्या डब्याला जोडल्या.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "कॉपी या डिस्कवरून त्या डिस्कवर जायला हवी. उलट झालं, तर कोरी डिस्क भरलेलीवर उतरेल आणि सगळं पुसलं जाईल. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

वहिनींनी पदर तोंडाला लावला.

फ्रान्सिस अंकल उठले. कापडावर सुलट-उलट खुणा करायचा खडू आणला, चष्मा नाकावर आणून दोन्ही डिस्क उलटसुलट करून वाचल्या आणि एकीवर लिहिलं 'जुनी', दुसरीवर 'नवी'. मॅडमनी काळ्या स्क्रीनवर एक लांबलचक ओळ टाइप केली आणि बोट एंटरवर नेलं.

"थांब पोरी," अंकल म्हणाले. "बोलली नाय तू."

आमच्या दुकानाचा एक नियम आहे, अंकलचाच. कात्री लावायच्या आधी कापणाऱ्याने मोठ्याने बोलायचं, काय कापतोय, कशातून कापतोय, किती. आणि दुसऱ्याने कापडाकडे बघत ऐकायचं. तीस वर्षं हा माणूस रोज बोलतो आणि गेली नऊ वर्षं रोज मी ऐकते. कंटाळा येतो हो! कधीकधी मी ऐकता ऐकता डबा पण खायचे.

"अंकल, मी रोज करते हे काम," मॅडम हसल्या.

"मी पण रोज कापतो."

त्यांनी मान डोलावली आणि वाचायला लागल्या, जरा कौतुकानेच, म्हाताऱ्याचं मन राखायचं म्हणून. "या डिस्कवरून, म्हणजे पाचशे जीबीवालीवरून, त्या डिस्कवर, म्हणजे एकशेसाठवालीवर..."

"थांब. जुनीवर एकशेसाठ लिहिलंय. मी आता वाचलं."

मॅडमनी ओळ परत वाचली. एंटरवरचं बोट त्यांनी हळूच उचललं, असं, जसं गरम तव्यावरून उचलतात. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि स्क्रीनकडे बघत राहिल्या.

"उलट लिहिलं होतं मी," त्या म्हणाल्या. "नवीन मशीनमध्ये डिस्कचे नंबर बदलतात. मी सवयीने टाकलं. अंकल, मी... देवा!"

मी पाणी आणलं. मॅडम प्यायल्या, उरलेलं मी प्यायले. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं. चार हजार मापं, एका बोटाच्या अंतरावर!

फ्रान्सिस अंकलनी मॅडमची ओळ नीट लिहून होईपर्यंत वाट बघितली. परत वाचायला लावली. एकदा नाही, दोनदा. मग म्हणाले, "आता काप."

नंतर मी त्यांना मिठीच मारली. नियम बोलताना परत कधी डबा खाल्ला नाही मी.

*

दुपारी चारला कॉपी झाली. नवी डिस्क नव्या डब्यात बसवली, बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर एकच इंग्रजी ओळ, की मला इथे काहीच सापडत नाही!

"असं होतं," मॅडम म्हणाल्या. "नवीन मशीनचं दार वेगळ्या पद्धतीचं आहे. आपली जुनी सिस्टीम जुन्या पद्धतीने दार वाजवते, त्याला ऐकू जात नाही. एक सेटिंग बदलते."

पण वहिनींचा धीर संपला होता. त्या उठल्या, देव्हाऱ्यासमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा महाराजा! आज तुझ्या लेकरांनी मापांचा बिऱ्हाड हलवलेला आसा!"

"व्हय महाराजा!" मी.

"जुन्या डब्यात जी काय मापां होती, ती तशीच्या तशी नव्या डब्यात येंवदेत!"

"व्हय महाराजा!" या वेळी माझ्यापेक्षा मोठा आवाज. वळून बघते तर फ्रान्सिस अंकल, डोळे मिटून!

"कोणाची बाही कोणाक लागता नये, कोणाचो गळो कोणाक जाता नये!"

"व्हय महाराजा!"

"आणि त्या पासवर्डाक सुबुद्धी दी महाराजा!"

"व्हय महाराजा!" अंकलनी शेवटचं ओरडून वर छातीवर क्रूस पण केला. मी बघितलं तर म्हणाले, "डबल सेफ्टी."

आणि स्क्रीन उजळली. तीच जुनी निळी पाटी, तोच दादांचा प्रोग्राम, वर 'नाव टाका'. मस्कतवालीचं नाव टाकलं. आली! बदलापूरवाली, आली! प्रिंटर पण चिठ्ठी काढायला लागला. मी आणि वहिनी एकमेकींचे हात धरून लहान पोरींसारख्या उड्या मारत होतो.

"मी सेटिंग बदललं म्हणून झालं हां," पेडणेकर मॅडम हसत म्हणाल्या.

"हो गं बाय," वहिनींनी त्यांच्या हातात नारळ दिला. "पण बदलायची बुद्धी कोणी दिली?"

*

आता वाटलं, संपलं. तीन दिवस मस्त चाललं. चौथ्या दिवशी नवा डबा आपोआप बंद! चालू केला, अर्ध्या तासाने परत बंद. वहिनींचं तोंड परत एवढंसं. मॅडमना फोन केला, त्या ऑफिसातून डबा खायच्या सुट्टीत धावत आल्या.

आत आल्या आणि थबकल्या. "हे काय आहे?"

मरून वेल्वेट. सोनेरी पायपिंग. चारही कडांना ब्लाउजसारखे फिटिंगचे डार्ट्स. फ्रान्सिस अंकलनी नव्या डब्याला कव्हर शिवलं होतं, असं फिटिंगचं, की कुठे सुरकुती नाही. बटणापुरतं एक भोक आणि त्याला पण काज! माप तर कॉम्प्युटरातच टाकून ठेवलं होतं. नाव, नवीन डबा. उंची, घेर. बाही, नाही.

"अंकल, याला हवा लागते! मागे, बाजूला, सगळं बंद केलंत. गरम होऊन बंद पडतोय तो. श्वास घ्यायला जागा नाही त्याला!"

अंकलना खरंच वाईट वाटलं. कव्हर काढून हातात घेऊन उभे राहिले.

"असं आधी सांगायचं ना, मॅन," म्हणाले. "काखेत सैल ठेवलं असतं."

दुसऱ्या दिवशी पाठीला आणि दोन्ही बाजूंना नेट लावून आणलं. डबा आजपर्यंत बंद पडलेला नाही. मॅडमचा ब्लाउज पण लग्नाच्या चार दिवस आधी दिला, लिहून ठेवा.

*

आणि आता शेवटचा. मॉनिटर आम्ही जुनाच ठेवला होता, तो चौकोनी. जानेवारीत त्याने पण मान टाकली, म्हणून नवीन घेतला. हा लांबरुंद, आडवा. सकाळी लावला, दादांचा प्रोग्राम उघडला, आणि मी बघतच राहिले. नाव, छाती, कंबर, बाही, गळा, हे तर रोजचंच. त्याच्या उजवीकडे आणखी एक रकाना! शेरा. जुन्या स्क्रीनवर तो कडेच्या बाहेर जायचा, बाजूला सरकवल्याशिवाय दिसायचाच नाही. एवढी वर्षं दादा प्रत्येक बाईबद्दल काहीतरी लिहीत होते आणि आम्हाला पत्ता नाही!

"'जरा सैल ठेवा' म्हणेल, घट्टच शिवणे."

"नणंद बरोबर असेल तर माप मोठ्याने वाचू नये."

"बोलण्यात अर्धा तास धरणे." ही बाई नेमकी समोर उभी, आणि नवीन मॉनिटर असा, की गल्लीतून पण वाचता येईल. "मी एवढी बोलते?" म्हणाली. आणि त्यावर चाळीस मिनिटं बोलली.

ती गेल्यावर वहिनी डोळे पुसत, हसत माझ्या बाजूला येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझं काढ गं. आमचं कौतुक काय केलंय बघू. आणि माप पण ताडून बघ. माझं चौतीस, लग्नात होतं तेच. आजपर्यंत एक ब्लाउज घट्ट झाला नाय मला, विचार अंकलना."

नाव टाकलं. कार्ड उघडलं. छाती, साडेअडतीस.

वहिनींचं हसू जागच्या जागी गेलं. "हे काय? साडेअडतीस? हे माझं नाय!" त्यांनी माझा दंड धरला. "रेखा, मापं बदलली! कॉपीत गडबड झालीय! माझंच असं, तर बाकीच्यांचं काय? अगं, आपण महिनाभर यावरून कापतोय! मस्कतला चार पाठवलेत! मेलो आपण!"

"अंकल!" मी ओरडले. "वहिनींचं माप किती धरता तुम्ही?"

फ्रान्सिस अंकल खाली मान घालून एकदम कात्रीला धार लावायला लागले.

तेव्हा मी उजवीकडच्या रकान्याकडे बघितलं. आणि बोट ठेवून वहिनींना दाखवलं. दादांनी लिहिलं होतं, "हिला चौतीसच सांगणे. कापताना कार्डावरचं माप धरणे. दर दिवाळीला पाव इंच वाढवणे. घट्ट लागलं तर जेवण सोडते."

वहिनींनी ते वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं.

मग त्यांनी पदर सारखा केला.

"पेडणेकरला फोन लाव," म्हणाल्या. "सांग, सगळी मापं बरोबर आलीत."